तानाबाईनं पट्टा सोडायला लावला

माझं ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू, सुलतान, सहा महिन्यांत वासराएवढं झालं आणि मलाच रस्त्यानं फरफटत न्यायला लागलं. शिकवायला आलेल्या दोघांनी हात टेकले. वैतागून त्याला घेऊन गल्लीतल्या तानाबाईकडं गेलो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं सगळे आपापल्या म्हशी शर्यतीत पळवतात, पण सत्तरीच्या तानाबाईची म्हैस दोरीशिवाय, नुसत्या हाकेवर तिच्या मागं धावते.

"पट्टा सोड की," ती खेकसली.

"पळून जाईल!"

"तू वडतोस म्हणून त्यो वडतोय. सोड!"

सोडला. सुलतान सुसाट सुटला. तानाबाईनं म्हशीला घालतात तशी एकच हाक घातली, पाठ फिरवली आणि गोठ्याकडं चालू लागली. सुलतान थबकला, वळला, मुकाट तिच्या मागं निघाला. रिकामा पट्टा घेऊन त्याच्या मागं मी.

तिनं एकदाही वळून बघितलं नाही.