बेडकांच्या यादीत आई

सिडनीतल्या पॅरामॅटाला नदीकाठच्या बाकावर तो लंचला माझ्या शेजारी बसून सत्तूची लिट्टी खायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मूळचा झारखंडचा, इथे खाणींचे नकाशे काढणारा इंजिनिअर. खाता खाता गुडघ्यावर बोटाने सारखा एक चौकोन काढायचा.

एकदा मी विचारलं, "हे काय?"

"माँ का घर."

त्याच्या गावाखालच्या कोळशाचा नकाशा त्याच्याच टेबलावर आला होता. त्या भागातल्या कोळशावर देशभर दिवे लागतात. त्याच्या आईला मात्र रोज कंदील पुसून ठेवावा लागतो. आता घरही जाणार होतं.

"मग तू काय केलंस?"

"सॉफ्टवेअर इथलं आहे, मेट. त्यात घर दाखवलं तर ते हलवता येतं. दुर्मीळ बेडकाची जागा दाखवली, तर खाण वळसा घेते. मैंने माँ को मेंढक लिख दिया."

मी हसले, आणि लगेच लाज वाटली. घर वाचवायला माणसाला बेडूक व्हावं लागतं, आणि याला आपण विकास म्हणतो!

पुढच्या आठवड्यात तो डबा न उघडताच बसला होता. खाणवाल्यांचं पत्र आलं होतं: बेडूक किती आहेत? त्यांना सावलीतलं, बारमाही पाण्याचं तळं बांधून दिलं तर चालेल का?

"शेजारचं गाव उठवलं, तेव्हा यांनी साधा हातपंप दिला नाही," तो म्हणाला.

"मग काय कळवणार?"

"रात्री आईला फोन केला होता. ती म्हणाली तेच कळवलंय. बेडूक एकच आहे, म्हातारी आहे, आणि ती म्हणते, आधी तळं दाखवा."