हँडबिलावरचं दुसरं नाव

लग्नाच्या आधी आम्ही दोघांनी मिळून एक नाटक लिहिलं होतं. तो शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात होता, मी शाळेत मराठी शिकवायची. संध्याकाळी एका हौशी नाट्यमंडळाच्या तालमीला दोघंही जायचो, तिथलीच आमची ओळख. नाटकाची बांधणी त्याची, संवाद बहुतेक माझे. माझं माहेर कळमेश्वरचं. आई, काकू, शेजारणी भाजी निवडताना जशा बोलायच्या, तशाच माझ्या नाटकातल्या बायका बोलायच्या. हँडबिलावर लेखक म्हणून आम्हा दोघांची नावं आपापल्या आडनावांसकट शेजारी शेजारी छापली होती. त्यावर कोणी काही म्हटलं नाही.

मग एकोणीसशे सत्तरच्या सुमारास आमचं लग्न झालं आणि सगळ्यांना म्हणायला खूप काही सुचलं.

माझं नाव बदलायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा त्याने अंगठीने माझं आहे तेच नाव लिहिलं. सासूबाईंनी ते चालवून घेतलं. आडनावाचं मात्र त्यांनी थोड्या दिवसांनी काढलंच.

"पोस्टमन विचारते, ह्या बाई तुमच्याकडं भाड्यानं राह्यतात का म्हणून. काय सांगू मी त्याले?"

"सून आहे म्हणून सांगा," मी म्हटलं. त्यांना हसू आलं, आणि घरात तो विषय तिथेच संपला.

बाहेर संपला नाही. दुसऱ्या नाटकाची हँडबिलं इतवारीतल्या छापखान्यातून आली, त्यावर एकट्या त्याचंच नाव. मी मंडळाच्या सेक्रेटरींना विचारलं. ते आमच्याहून बरेच मोठे, बोलायला गोड.

"वहिनी, आता एकाच घरचे झाले ना तुम्ही? मंग दोन नावं काहून पाह्यजेत?"

"नाटक दोघांनी लिहिलंय म्हणून."

"असं करा, नवऱ्याचं आडनाव लावा. मी श्री. आणि सौ. म्हणून छापतो. दोन आडनावं छापली तं लोकं विचारतीन ना, या दोघायचं लगन झालं का नाही."

उन्हाळ्याची अख्खी सुट्टी बसून मी जे लिहिलं, ते माझं ठरायला आधी माझं आडनाव जायला हवं होतं. नवरा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "या वेळी जाऊ दे. छापून झालंय आता."

घरी येऊन मी एका पाठकोऱ्या कागदावर त्याच्या आडनावासकट माझं नाव लिहून पाहिलं. वाईट दिसत नव्हतं. शाळेतल्या बऱ्याच जणींनी राजीखुशीने आडनाव बदललं होतं, त्यात मला काही गैरही वाटत नव्हतं. पण माझ्यापुढे ते सौदा म्हणून ठेवलं होतं. आणि त्या 'श्री. आणि सौ.'मध्ये माझं नाव तरी कुठे होतं? त्याच्या नावाला जोडलेलं शेपूट फक्त. मी सेक्रेटरींना नाही म्हणून कळवून टाकलं.

नाटक स्पर्धेत उतरलं आणि लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, "एका पुरुषाला बायकांची बोली आणि बायकांचं मन इतकं कळावं, हे थोरच आहे." माइक नवऱ्यापासून हातभर अंतरावर होता. तो मान खाली घालून हसला, ढाल घेतली, खाली उतरला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझीच आहे ही," तो हळूच म्हणाला.

"मग वर का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर कसं वाटलं असतं ते?"

"कोणाला?"

मी ढाल शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि एकटीच रिक्षा करून घरी आले. सेक्रेटरींपेक्षा माझा राग त्याच्यावर जास्त होता. कोणतं वाक्य कोणाचं, हे सेक्रेटरींनी पाहिलेलं नव्हतं. याने पाहिलं होतं.

पुढच्या नाटकाला मी हात लावला नाही. त्याने एकट्याने लिहायला घेतलं. त्याच्या बायका कॉर्पोरेशनच्या नोटिशीसारख्या बोलायला लागल्या. दोन प्रवेश मला वाचून दाखवले आणि तो स्वतःच थांबला. नंतरच्या बैठकीत तो उठून सर्वांसमोर म्हणाला, की परीक्षकांनी ज्याचं कौतुक केलं ते सगळं हिने लिहिलंय, आणि यापुढे नावं दोघांची लागतील, आपापल्या आडनावांनी.

सेक्रेटरी हसले. "घरी लय भेतं वाट्टे गा तू."

सगळेच हसले. मी तिथेच बसले होते. खोट्या कौतुकावर गप्प राहिला तेव्हा हाच माणूस त्यांना थोर वाटला होता. खरं बोलला तर भित्रा ठरला.

आम्ही ते मंडळ सोडलं आणि ते अर्धवट राहिलेलं नाटक पुन्हा दोघांनी मिळून लिहायला घेतलं. तिसरं नाटक बँकेतल्या काही हौशी मंडळींनी बसवलं. हँडबिलावर दोन नावं, दोन आडनावं, आणि माझं आधी, कारण या वेळी जास्त मी लिहिलं होतं. आमचं लग्न झालंय का, असं एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही.

दुसऱ्या नाटकाच्या बक्षिसावर मात्र आजही एकट्या त्याचंच नाव आहे. आम्ही दोघांनी सही करून आयोजकांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. ओळखीचे लोक मला समजावतात, एकाच घरातलं बक्षीस, काय फरक पडतो? मला पडतो. त्या बायका माझ्या आईसारख्या, काकूसारख्या बोलत होत्या, आणि त्यांना बोलतं मी केलं होतं.