हळदीचं पहिलं बोट

हिंगणघाटला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. कापसाच्या जिनात नोकरी, कपाळावर ठसठशीत गंध आणि दर दोन वाक्यांमागे "समजलं काय?". धर्मात काही बदलतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. देवळं सगळ्यांना उघडली, ती गोष्ट काढली तर म्हणत, "बंदी धरमात होती कुठं? लोकायनं घुसवली होती. धरम आहे तसाच आहे, समजलं काय?"

त्यांच्या मुलीच्या हळदीला मांडवात सवाष्णी जमल्या. आई गेलेल्या त्या पोरीला लहानाचं मोठं केलं होतं भाऊंच्या विधवा बहिणीनं. ती मात्र मागच्या खोलीत बसून होती. मी विचारलं, "भाऊ, ताई काऊन नाई आल्या? हेही लोकायनंच घुसवलं असंल ना?"

ते ताडकन उठले. रागावले असं वाटून मी घाबरलेच. मग ते तडक आत गेले आणि बहिणीचा हात धरून तिला मांडवात घेऊन आले. बायका कुजबुजल्या.

"पहिली हळद आत्याच लावते," ते मोठ्यांदा म्हणाले. "आपल्यात पहिल्यापासून असंच आहे."

असं कधीच नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. ताईंनी बोटं हळदीत बुडवली आणि पोरीनं गाल पुढे केला.