न ओढलेली कडी

शंकर गेला हे मला सीताबर्डीत, व्हरायटी चौकात कळलं. त्याच्या गल्लीतला पानठेलेवाला समोरून आला आणि म्हणाला, "तुमचा दोस्त गेला ना गा सकाळी." हातातली भाजीची पिशवी घेऊन मी तिथंच फूटपाथवर बसलो... तेरवीला गेलो, तर पंगतीत एक पाहुणा शेजाऱ्याला विचारत होता, "हा तोच ना, ज्यानं बांधलेली छत्री उघडली नाही अन् सख्खा भाऊ मेला?" शेजाऱ्यानं मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं. माझं डोकं असं सणकलं! पण शंकरनं मला गप्प राहायची शपथ घातली होती. त्याची माय जाऊन वर्षं झाली, आता तोही गेला. ज्यांच्यासाठी तोंड शिवायचं, ती माणसंच उरली नाहीत. तेव्हा लिहितो.

एकोणीसशे पासष्टच्या आसपास आम्ही दोघं विमान चालवायला शिकवणाऱ्या एका उड्डाण मंडळात नोकरीला होतो. आज ते मंडळही नाही. मी जीप चालवायचो, शंकर हवाई छत्र्या बांधायचा. कोष्ट्याचं पोर, कापडात जन्मलेलं. लांब टेबलावर रेशीम पसरून एकेक पाकळी तळहातानं साफ करत बसायचा आणि मी चहा घेऊन गेलो की खेकसायचा, "कप तिकडं ठेव गा! डाग पडला म्हणजे?" बोलायला लागला की मात्र थांबायचा नाही. पहिल्या वैमानिकांच्या छत्र्या म्हणे विमानालाच टांगलेल्या असत. माणसानं उडी मारली की त्याच्या वजनानं दोर ताणला जायचा आणि छत्री पिशवीतून आपोआप निघायची. पण विमान गरगरत असलं की दोर शेपटीत गुंतायचा आणि खेळ खलास. म्हणून मग छत्री माणसाच्या अंगावर आली आणि तिची कडी छातीशी, डाव्या बाजूला. ती उजव्या हातानं ओढायची. ओढली की पिना सुटतात, पिशवीचे पल्ले उघडतात, स्प्रिंगची एक छोटी छत्री टुणकन बाहेर उडते आणि ती मोठीला ओढून काढते. "आता सारं माणसाच्या हातात आहे," शंकर म्हणायचा. मलाही ते चांगलंच वाटायचं.

त्याचा धाकटा भाऊ मधू तिथंच विमान शिकत होता. मधू जन्माचा डावरा. मायला ते मुळीच खपलं नाही; डाव्या हातानं जेवणारं पोर पंगतीत बसवायचं कसं? लहानपणी ती जेवताना त्याचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधून ठेवायची. पुढं तो उजव्या हातानं जेवू लागला, लिहू लागला, आणि माय येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "मीनं सरळ केला त्याचा हात." कडी ओढायचा सरावही तो उजव्या हातानंच करायचा, बिनचूक. घरात साऱ्यांनाच ती सवय मोडल्यासारखी वाटत होती. नाहीतर शंकरनंच कडी उजवीकडं बसवून दिली नसती का?

एका दुपारी मधू एकटाच उडाला होता आणि विमान हवेत बिघडलं. त्यानं उडी मारलेली आम्ही खालून पाहिली. छत्री उघडली नाही. मी आणि शंकर जीप घेऊन ज्वारीच्या वावरात पोचलो तेव्हा... जाऊ द्या, ते मला लिहवत नाही. शंकर रडला नाही. त्यानं आधी पिशवी पाहिली. पिना जागच्या जागी, कडी ओढली की तुटणारा लाल दोरा शाबूत, कडी आपल्या जागी, हातही न लागलेली. आणि मधूच्या जाकिटाची उजवी बाजू ओरबाडून फाटलेली, डाव्या हाताच्या नखांत तिचे धागे. जिवावर बेतल्यावर त्याचा जन्माचा हात परत आला होता, आणि कडी नव्हती त्या बाजूला तो कडी शोधत राहिला, जमिनीपर्यंत. शंकरनं माझा दंड घट्ट धरला. "मायले हे कळू द्यायचं नाही. ती चिंधी तिच्या डोळ्यासमोरून मरेपर्यंत हटणार नाही. तुले मधूची शपथ आहे."

चौकशीच्या कागदावर खरं तेच लिहिलं गेलं, पण आमच्या वस्तीत कागद वाचतो कोण? वस्तीत एकच गोष्ट पसरली, की शंकरनं छत्री नीट बांधली नाही. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. मंडळ सोडलं आणि सदरला एका दुकानात ताडपत्र्या शिवू लागला. माय एकाच घरात राहून त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. त्याला कोणी मुलगी दिली नाही. मी चिडायचो, "अरे, सारा जनम असाच घालवतो काय? काहून?" तो म्हणायचा, "मले सहन होते. तिले होणार नाही." आणि परत शिवणीत मान घालायचा.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो होतो. शंकर उशाशी बसला होता. इतक्या वर्षांनी ती एकाएकी त्याच्याकडं वळली. "शंकऱ्या, खरं सांग. त्यानं डाव्या हातानं तर नाही ना शोधलं?"

बाप रे! म्हणजे हिच्याही मनात ते होतंच. मला वाटलं, आता तरी सुटला बिचारा.

शंकरनं तिचं पांघरूण नीट केलं. "नाही वं माय. ओढली होती त्यानं कडी, उजव्याच हातानं. माहीच घडी चुकली."

माय भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाली, "मग माह्या मयतीले हात लावू नको."

त्यानं नाही लावला. घाटावर चुलतभावानं अग्नी दिला आणि पोटचा पोरगा माझ्याजवळ, लांब, कडुनिंबाखाली उभा राहिला. लाकडांनी नीट पेट घेतला तेव्हा शंकर म्हणाला, "शांत गेली गा."