दाजींचा वजनगट

घरात टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असावा, हे ठरवायचा अधिकार आमच्या दाजींना कधीच मिळाला नाही. पण अख्ख्या खंडात कोणी कुठल्या वजनगटात ज्युदो खेळायचा, हे मात्र त्यांच्या शब्दावर ठरायचं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि खंडाच्या ज्युदो महासंघाचे वजन-अधिकारी. महासंघ म्हटलं की डोळ्यांसमोर उंच खांबांची इमारत येते. प्रत्यक्षात लॉन्ड्रीच्या माडीवर दोन खोल्या होत्या. खालच्या इस्त्रीची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची, त्यामुळे ठराव कायम दमट आणि अध्यक्ष कायम घामाघूम. पंच कोणाला नेमायचं, कुठली पकड बाद करायची, पुढची स्पर्धा कोणत्या देशाला द्यायची, सगळं त्या वाफेत शिजायचं.

सदस्य देश फोटोत एकमेकांच्या गळ्यात पडायचे, पण एकमेकांच्या वजनकाट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. यजमान देशाचा काटा घरच्यांना हलकं आणि पाहुण्यांना जड दाखवतो, ही तक्रार दर स्पर्धेला ठरलेली. म्हणून महासंघाचा स्वतःचा काटा होता. लोखंडी चौथरा, मोठी तबकडी, काळी सुई. लाकडी खोक्यात बसून तो देशोदेशी फिरायचा.

आणि त्या काट्याची परीक्षा घ्यायचे अण्णा, दाजींच्या आधीचे वजन-अधिकारी. बांबूसारखा उंच, वाळका माणूस. त्यांचं वजन उभ्या हयातीत त्र्याहत्तर किलोंवरून हललं नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या संघांसमोर ते बूट काढत, मॅटपुढे वाकावं तसं काट्यापुढे वाकत आणि वर चढत. सुई त्र्याहत्तरवर टेकली की मगच पहिल्या खेळाडूला हाक. शिक्क्याची पितळी वजनं घेऊ या, असं कोणी म्हटलं की प्रशिक्षक म्हणत, "पितळ झिजतं हो. अण्णा झिजत नाहीत."

पुढे अण्णा गेले. पितळी वजनं आली, काटा दाजींच्या हाती आला. पहिल्याच स्पर्धेत दाजी वजनाच्या खोलीचं दार उघडण्याआधी काट्यापुढे वाकले आणि मान वर केली, तर रिकाम्या चौथऱ्यावर सुई सावकाश चढत होती. त्र्याहत्तरवर थांबली. तिथे जरा रेंगाळली आणि शून्यावर परत आली. चौथऱ्याची एक स्प्रिंग करकरली, कोणी उतरावं तशी.

त्यानंतर दर स्पर्धेला हेच. दाजी वाट पाहायचे, सुई उतरली की दार उघडायचे. बाहेर लंगोटावर कुडकुडणारे पैलवानी देह म्हणायचे, म्हातारा फार खडूस आहे.

हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. मीही टिंगल सोडली नाही. "दाजी, अण्णांचं मानधन अजून निघतं का ते बघा."

मग एका वर्षी परदेशातून आले ते थेट माझ्याकडे. चहा पुढे ठेवला तर त्यात बघत बसले.

"यंदा सुई त्र्याहत्तरवर थांबली नाही. चौऱ्याऐंशीपर्यंत गेली."

"अण्णांना तिकडची हवा मानवली असेल."

"अण्णा नव्हते ते. मेव्हणेबुवा, चौऱ्याऐंशी मी आहे."

मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

दाजींनी मग उपाय काढला, आणि तो ज्युदोवाल्यालाच सुचावा असा होता. गट चुकवायचा. सुईने चौऱ्याऐंशीचा माणूस निवडलाय ना, मग आपण चौऱ्याऐंशीचं राहायचंच नाही. जन्मभर पोरं वजन उतरवताना बघितलेली. दाजी दोन स्वेटर घालून जिने चढू लागले, पाण्याने नुसत्या चुळा भरू लागले, ताटाला हात लावेनासे झाले.

"अहो, तुमची काय स्पर्धा आहे का?" ताईने विचारलं.

"आहे असं समज."

ताईने दर रविवारी त्यांना न्हाणीघरातल्या काट्यावर उभं करायला सुरुवात केली. आकडा उतरे तशी ती रडे आणि दाजी खूश होत. ऐंशी झाले तेव्हा तिने पुढच्या स्पर्धेला मला त्यांच्याबरोबर धाडलं. "नजर ठेव. माणूस वाळत चाललाय आणि कारण सांगत नाही."

ती खोली मला अजून आठवते. क्रीडागृहाच्या तळघरात, पांढऱ्या फरशीची, ओल्या टॉवेलांच्या वासाची. दारापलीकडे खेळाडूंची कुजबुज. दाजी वाकले. सुई चढली आणि ऐंशीवर थांबली. खोलीत आम्ही दोघेच होतो, आणि दोघेही काट्यापासून दूर.

दाजींनी बूट काढले आणि वर चढले. सुई जागची हलली नाही. चौथऱ्यावर आता एक अख्खा माणूस उभा होता आणि काट्याच्या लेखी काहीच बदललं नव्हतं.

ते उतरले तेव्हा कुठे सुई शून्यावर आली.

"गट बदलला," दाजी म्हणाले, "पण ड्रॉमध्ये नाव तेच." मग बूट चढवून त्यांनी दार उघडलं आणि नेहमीच्या खडूस आवाजात पहिल्या मुलीला हाक मारली.

घरी आल्यावर ताईला त्यांनी सगळं सांगितलं. ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ते घर जेवलं म्हणजे जेवलं. दाजी पुन्हा चौऱ्याऐंशीवर आले, आणि त्याच आठवड्यात, नवा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा की नाही या ठरावावर चर्चा चालू असताना, लॉन्ड्रीच्या वाफेत बसल्या बसल्या गेले. ठराव तहकूब झाला.

पुढच्या स्पर्धेला महासंघाने ताईला सन्मानाने बोलावलं. मी सोबत. दाजींच्या जागी एक माजी खेळाडू आली होती, मॅटवर घासून चिरडलेल्या कानांची, दणकट मुलगी. ताईने वजनाची खोली बघायची म्हटल्यावर तिने आम्हाला आत घेतलं, आणि दार उघडण्याआधी शिस्तीत काट्यापुढे वाकली.

सुई चढू लागली. मुलीचा हात दाराच्या कडीवरच राहिला. चौऱ्याऐंशी ओलांडून सुई शहाऐंशीवर थांबली.

ताईने पर्समधून चष्मा काढला, लावला, तबकडीजवळ जाऊन नीट पाहिलं.

"चौऱ्याऐंशीचे होते जाताना," ती म्हणाली. "मीच मोजलं होतं. तिकडे कोण वाढतंय यांना?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. सुई शहाऐंशीवरच होती. बाहेर कोणीतरी दारावर टकटक केली.

ताईने चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला. "उतरा आता," ती रिकाम्या चौथऱ्याला म्हणाली. "पोरी उपाशी खोळंबल्यात बाहेर."

स्प्रिंग करकरली.