कंडम मशीनला हार

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. इंदूरला पीएचडीसाठी घेतल्याबद्दल सरांचे उपकार मी रोज मानत असे, आणि मी विसरू नये याची काळजी सर घेत.

काम मेंदूच्या गाठींवर होतं. गाठीच्या पेशी सपाट बशीत वाढवल्या की पापडासारख्या पसरतात आणि जवळपास कुठल्याही औषधाने शहाण्यासारख्या मरतात. संशोधक खूश होतो. रुग्णाला काही फरक पडत नाही, कारण डोक्यातली गाठ पापडासारखी नसते. म्हणून आम्ही पेशींना बशीला चिकटूच देत नव्हतो. मग त्या एकमेकींना धरून खसखशीएवढे गोळे करत. गोळ्याच्या पोटात प्राणवायू कमी पोचतो, औषधही पोचत नाही, आणि खऱ्या गाठीचा हट्टीपणा तिथे दिसतो.

माझे गोळे एका बाईंच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीचे होते. त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली होती. गोळे गेले तर पुन्हा मागायला जायची सोय नव्हती, आणि माझा सगळा प्रबंध त्यांच्यावरच उभा होता.

अशात दसरा आला. विभागात यंत्रांची पूजा असे. हसायचा मला अधिकार नाही. गावी बाबांच्या सायकल दुकानात पाने-पकडींना हळदकुंकू लावतच मी मोठी झाले. पण पान्याला बुरशी लागत नाही.

सरांनी मायक्रोस्कोपला टिळा लावला, मग ते नव्या इन्क्युबेटरकडे वळले. पेशींसाठी आत शरीराएवढी ऊब आणि भरपूर ओल. सरांनी दार उघडलं.

"सर, आत जंतू गेले तर?" मी म्हणाले.

"बेटा, देव काय बाहेरूनच बेल वाजवून परत जाणार का? एक फूल आत पण ठेव."

"टेन्शन मत ले," माझ्या शेजारी उभे असलेले सीनियर म्हणाले. "झेंडूवर स्पिरिट मारलंय मी."

विज्ञानाची बाजू अशी सांभाळली गेल्यावर मी फूल आत ठेवलं. मशीनच्या पायाशी नारळ फुटला. त्याचं पाणी कुठपर्यंत उडालं ते शोधत आम्ही पुसत बसलो.

काही दिवसांनी इन्क्युबेटरमधून गोळ्यांच्या प्लेटा काढल्या तर प्रत्येक खाचेत बुरशीचा पांढरा कापूस.

"भिया, ये तो रजाई भरायला घ्या," सीनियर म्हणाले; इंदुरात भिया, म्हणजे भाऊ, कोणालाही म्हणतात. त्यांच्याही प्लेटा त्यातच होत्या, म्हणून ते हसले नाहीत.

सरांनी एक प्लेट उजेडात धरून पाहिली. "या दिवसांत हवा दमट असतेच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हात नीट धुतले होतेस ना?"

वाचली एकच प्लेट. आमची आई थोडं विरजण कायम शेजारच्या काकूंकडे ठेवायची. आपलं बिघडलं तर आणता यावं म्हणून. त्या सवयीने मी एक प्लेट व्हरांड्यातल्या जुन्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. ऑफिसने त्याला कंडम ठरवून चिठ्ठी चिकटवली होती, पण न्यायला कोणी आलं नव्हतं आणि ते बिचारं इमानाने चालत होतं. कागदावर मेलेल्या यंत्राची पूजा कोण करणार? त्याच्याकडे कोणी फिरकलंच नाही. त्या प्लेटेतल्या गोळ्यांपासून नवे गोळे वाढले, सपाट बशीत जिंकलेलं औषध त्यांच्यापुढे हरलं, आणि माझा प्रबंध उभा राहिला.

पुढच्या दसऱ्याला सर हार घेऊन थेट व्हरांड्यात आले.

"याच्यामुळे आपलं काम वाचलं. पहिला मान याचा," असं म्हणत त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. आत माझे गोळे होते.

"सर," मी अत्यंत नम्रपणे म्हणाले, "हे कंडम आहे. कंडम मालाची पूजा चालते का, ऑफिसला विचारावं लागेल. ऑडिटमध्ये निघालं तर?"

सरांनी हात मागे घेतला. देवाला दारातून परत पाठवणं त्यांना जमलं नसतं, पण ऑफिसपुढे त्यांचाही इलाज नव्हता.

"विचारून घे," म्हणून ते हार घेऊन मायक्रोस्कोपकडे गेले.

पीएचडी संपवून इंदूरहून निघेपर्यंत मी ऑफिसला विचारतच होते.