वॉकरवर वाळणारे टॉवेल

आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मोशीतल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची शिफ्ट सुरू झाली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळं आणतो आणि हुकूम सोडतो, हलू नका. डॉक्टरांनी वॉकर धरून दिवसातून पाच वेळा चालवायला सांगितलं होतं. पाहुण्यांनी त्या वॉकरवर टॉवेल वाळत घातले.

घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. सगळ्यांना बसवून सांगितलं, की ऑपरेशननंतर रक्त गोठवणारी प्रथिनं जोरात कामाला लागतात. जखम बुजायला ती हवीतच. पण माणूस पडून राहिला की पायात रक्त साकळतं आणि तिथंही ती जाळं विणून गाठ करतात. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हाताला लागत नाही. मामांनी जांभई दिली. शिकून बापाचा आराम बघवेना झाला याला, असं आत्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली.

मग मी भिंतीवर तक्ता लावला. चाललं की टिक, संध्याकाळी माझी सही. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला हेच करतो.

दहाव्या दिवशी घरी आलो तर आप्पांची डावी पोटरी सुजून तकतकीत झालेली, आणि आत्या कोमट तेलाची वाटी घेऊन ती रगडायच्या तयारीत.

"आत्या, हात लावू नको. आत गाठ असेल तर सुटेल."

"भावाचा पाय चेपायला आता तुझी परवानगी लागती व्हय?"

मी वाटी हिसकावली. मामांनी मला उद्धट ठरवलं. आप्पांना रिक्षात घालून चिंचवडला नेलं. सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टरांनी विचारलं, चालत होते ना? मी छाती काढून तक्त्याचा फोटो दाखवला.

"ते मीच भरायचो," आप्पा म्हणाले. "सकाळीच. तुला सही करायला बरं."

एकाच पेनाच्या, एकसारख्या टिका. कंपनीत असला कागद मी लांबूनच ओळखतो आणि ऑपरेटरला उभा-आडवा झापतो. घरी दहा दिवस डोळे झाकून सह्या केल्या. पदवीधर म्हणे.

गाठ वर सरकली नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत. आपल्याच तेलानं सूज उतरली, असं आत्या गावभर सांगते. त्या तेलाचा थेंबही पायाला लागला नव्हता.

तक्ता मी फाडला. आता आप्पा जिन्यापर्यंत जातात, तेव्हा मी मागं चालतो.